भोंगा बंद, झडती सुरू

निवडणुकीच्या नेहमीच्या प्रचाराला काही गमतीशीर पर्याय असू शकतात का, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो, त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः ग्रामपंचायतीच्या अनुभवावर बेतलेले आहे.

ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नसल्याने चिन्ह लोकांच्या डोक्यात भरवण्यासाठी भोंगे लावलेले ऑटो दिवसभर फिरतात. मागच्या वेळी असे दोन ऑटो मारुतीच्या पारासमोर समोरासमोर आले. गल्ली एका बैलबंडीपुरती, मागे कापसाची बंडी अडकलेली, आणि माघार घेणे म्हणजे पराभव मान्य करणे, असा दोन्ही चालकांचा समज. ‘कपबशीसमोरील बटण दाबून’ आणि ‘छत्रीला प्रचंड बहुमतांनी’ ही वाक्ये एकमेकांत अशी मिसळत राहिली की ओट्यावर गहू निवडत बसलेल्या आजींनी विचारले, “दोघंयबी एकालेच मत मागून रायले का बाप्पा?”

त्यामुळे माझा पहिला पर्याय म्हणजे झडती, अर्थात पोळ्याला म्हटले जाणारे यमक जुळवलेले टोमणेबाज कवन. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली सजवलेले बैल उभे असताना आपल्याकडे झडत्या म्हणतात आणि त्यांत सावकारापासून सरकारपर्यंत कोणालाही सोडत नाहीत. उमेदवारांनी भाषणे न करता त्याच आखरावर समोरासमोर उभे राहावे. एकाने झडती टाकावी, दुसऱ्याने झडतीनेच उत्तर द्यावे. कागद पाहून वाचणारा बाद. नमुन्यादाखल मी रचलेली एक देतो:

नळ रे नळ, पितळेचा नळ,
पाच वर्सं झाले, नुसती हवेची खळखळ,
मत मांगाले आला तं बादली घेऊन पळ,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

याला उत्तर द्यायचे तर यमक जुळवावे लागते आणि नळ का कोरडा आहे हेही ठाऊक असावे लागते. ध्वनिमुद्रित गाण्यात या दोहोंची गरज पडत नाही.

दुसरा पर्याय नागपूरच्या मारबतीवरून सुचला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांसोबत चालू प्रश्नांवर टीका करणारे बडगे, म्हणजे तसेच पुतळे, मिरवणुकीत निघतात आणि “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” असा गजर होतो. पुन्हा उभ्या राहणाऱ्या उमेदवाराने स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या आश्वासनांचा बडगा स्वतः बांधावा आणि कार्यकर्त्यांच्या नव्हे, तर स्वतःच्या खांद्यावर गावभर फिरवावा. आमच्याकडील काहींना त्यासाठी बांबू बाहेरगावाहून मागवावे लागतील.

झाडू हातात घेण्याची सूचनाही अनेक जण करतील. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करीत, ही परंपरा आपल्याच विदर्भातली आहे. परंतु हल्ली झाडूआधी छायाचित्रकार पोहोचतो, म्हणून मोबाइल घरी ठेवण्याची अट घातल्याखेरीज हा पर्याय मला मान्य नाही.

राहिला जेवणावळींचा प्रश्न. मत मिळवण्यासाठी मतदाराला जेवू घालणे कायद्याने लाच ठरते, तरी प्रचाराच्या काळात कोणाच्या शेतात कढई चढली आहे हे लहान मुलांनाही ठाऊक असते. ही रीत उलटी करावी. उमेदवाराने रोज एका घरी न सांगता जावे, असेल ती भाकर आणि अंबाडीची भाजी खावी आणि त्या घरच्या माठातलेच पाणी प्यावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान झाले; त्या उन्हात सीलबंद बाटली न घेता गावभर फिरणारा उमेदवार मला तरी दिसला नाही.

झडतीची कल्पना मी सरपंचपदासाठी इच्छुक असलेल्या आमच्या एका गृहस्थांना पानटपरीवर ऐकवली. त्यांनी ती मन लावून ऐकली, सुपारी तोंडात टाकली आणि विचारले, “झडत्या लिहून देणारा मानूस रोजानं भेटन का?”