वाचक विचारतात: 'केज-फ्री' म्हणजे कोंबडी सुखात का?

प्रश्न: गेलं वर्षभर मी जास्त पैसे मोजून 'केज-फ्री' लिहिलेली अंडी आणतेय. खोक्यावर हिरवंगार कुरण, त्यात दोन गुबगुबीत कोंबड्या दाणे टिपतायत. परवा मुलगी म्हणाली, आई हे सगळं मार्केटिंग आहे, तुला गंडवतायत. खरंच का? मग लेबल बघायचंच सोडून देऊ?

उत्तर: मुलगी अर्धी बरोबर आहे, पण लेबल बघणं सोडू नका. आधी ते चित्र विसरा, ते डिझायनरने काढलंय, कोंबडीला कुणी विचारलेलं नाही. केज-फ्री म्हणजे फक्त पिंजरा नाही, एवढंच. बाकी मोठी बंद शेड, खाली तूस, एका छपराखाली हजारो कोंबड्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना बाहेरचं ऊन कधी दिसतच नाही.

पण म्हणून काहीच फरक नाही असं मात्र नाही हं. घरातला ए-फोर कागद घ्या, त्याच्या लांब बाजूने अडीच सेंटिमीटरची पट्टी कापून टाका. उरलं ते साधारण 550 चौरस सेंटिमीटर. युरोपात जुन्या बॅटरी पिंजऱ्यात (म्हणजे ओळीने रचलेले तारेचे छोटे पिंजरे) एका कोंबडीला कायद्याने किमान एवढी जागा मिळायची, त्यावर तिने वर्षभराहून जास्त काळ उभं राहायचं, अंडी घालायची, पंख पसरायचा तर प्रश्नच नाही. 2012 पासून तिथे ते पिंजरे बंद झाले आणि 'सुधारित' पिंजरे आले, 750 चौरस सेंटिमीटरचे, आत बसायला दांडा आणि अंडं घालायला आडोसा. म्हणजे अख्खा कागद आणि वर थोडंसं! त्यापुढे शेडमधली कोंबडी निदान चालते, पंख झटकते, तुसात अंग घुसळते. आणि आडोसा म्हणजे काही चोचले नाहीत, अंडं घालायच्या आधी कोंबडीला जागा शोधायची इतकी ओढ असते की नुसत्या पिंजऱ्यात ती बिचारी येरझाऱ्या घालत राहते.

बाकीच्या शब्दांचं म्हणाल तर अमेरिकेत मांसावर 'नॅचरल' लिहिलं असेल तर त्याचा जनावर कसं जगलं याच्याशी काही संबंध नाही, कृत्रिम काही घातलेलं नाही आणि फार प्रक्रिया केलेली नाही, एवढाच अर्थ. चिकनवर 'नो हॉर्मोन्स' तर मला फारच आवडतं, कारण तिथे कोंबड्यांना हॉर्मोन द्यायला मुळातच बंदी आहे, मग ते लिहिणं म्हणजे दुधात हाडं नाहीत असं छापण्यासारखं. 'फ्री रेंज' (बाहेर फिरायला मिळणारी) आणि 'पाश्चर रेज्ड' (कुरणात वाढवलेली) सारखेच वाटतात ना? 'सर्टिफाइड ह्यूमेन' या सर्टिफिकेटमध्ये पहिल्यासाठी कोंबडीमागे बाहेर 2 चौरस फूट जागा लागते, दुसऱ्यासाठी 108.

यात एक गोष्ट बहुतेक लेबलं बोलतच नाहीत. अंड्यांच्या जातीत नर पिल्लू निघालं की ते अंडी देणार नाही आणि मांसासाठी परवडेल असं वाढणारही नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मारतात, आणि केज-फ्री कोंबडीचे भाऊही त्यातच आले. जर्मनीने 2022 पासून यावर बंदी घातली, तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखायची मशीन वापरतात.

प्रश्न: लेबल कंपनीने स्वतःच चिकटवलंय की कुणी तपासलंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर: युरोपात सोपं आहे, अंड्याच्या टरफलावरच आकडा छापतात: 0 सेंद्रिय, 1 बाहेर फिरणारी, 2 शेडमधली, 3 पिंजऱ्यातली. इतर ठिकाणी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव शोधा आणि तिच्या साइटवर नियम वाचा. नियमांत आकडे दिसले पाहिजेत, कोंबडीमागे जागा किती, चोच कापायला परवानगी आहे का, तपासायला बाहेरचा माणूस येतो का. नुसतं 'आम्ही प्राण्यांवर प्रेम करतो' लिहिलं असेल तर ते लेबल सोडून द्या. नाहीतर सरळ कंपनीला मेल टाका. मी एकदा एका कंपनीला नर पिल्लांचं काय करता म्हणून विचारलं होतं, तर कोंबड्या काय खातात यावर दोन लांबलचक परिच्छेद आले, पिल्लांबद्दल एक शब्द नाही.