रोज एक गोळी की तीन: अँटिबायोटिक रक्तात किती टिकतं?

तासगावच्या ताई, तुमचा प्रश्न असा: सासऱ्यांना अझिथ्रोमायसिन रोज एक, तीनच दिवस, मुलाला अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा, सात दिवस. मग मुलाचं औषध हलकं का? मिरजेत बरीच वर्षं मेडिकल चालवलंय, "जास्त पॉवरची द्या" हे काउंटरवर रोजचंच. पण किती वेळा घ्यायची याचा पॉवरशी संबंध नसतो.

रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे हाफ लाइफ. किडनी धड असेल तर अमॉक्सिसिलिनची साधारण एक तास. म्हणजे आठ तासांनी शेकडा अर्धासुद्धा उरत नाही. आणि जंतूंना रोखणाऱ्या ठरावीक पातळीच्या वर हे औषध किती वेळ राहतं, त्यावरच त्याचं काम. म्हणून मुलाच्या वेळा जेवणाशी बांधू नका; सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशा ठेवा. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट देऊ नका.

अझिथ्रोमायसिनची हाफ लाइफ सुमारे ६८ तास. गंमत म्हणजे रक्तात ते कमीच सापडतं. पेशींत जाऊन बसतं आणि सावकाश बाहेर येतं. गोळ्या संपल्यावरही काही दिवस काम चालूच. डॉक्सिसायक्लिन १६ ते २२ तास, सिप्रोफ्लॉक्सासिन चारेक तास. (सिप्रो दुधाबरोबर नको. कॅल्शियमला चिकटते, रक्तात पुरेशी पोचतच नाही. आपल्याकडे गोळी म्हटली की दुधाचा पेला पुढे येतो म्हणून सांगतोय.)

तरी नुसत्या तासांवर जाऊ नका. जेंटामायसिन दोन-तीन तासांत निम्मं होतं, तरी बऱ्याचदा दिवसातून एकदाच देतात. एकदम चढलेली पातळी जंतू मारते आणि औषध उतरल्यावरही उरलेले जंतू काही तास डोकं वर काढत नाहीत. उलट पेनिसिलिन बघा. शिरेतून दिलं तर अर्ध्या तासात निम्मं, म्हणून दर चार-सहा तासांनी. तेच बेंझाथिन रूपात स्नायूत टोचलं की हळूहळू विरघळत आठवडे पुरतं. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना ते दर तीन-चार आठवड्यांनी देतात. औषध एकच.

सासऱ्यांना ठोक्यांच्या अनियमिततेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. अझिथ्रोमायसिनने ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, आणि ते लवकर शरीराबाहेर पडत नाही.