मातीत जुन्या कीटकनाशकाचा अंश सापडला तर तो शरीरात किती येईल, हे मातीच्या प्रकारावर ठरतं का?

हो, बऱ्याच प्रमाणात ठरतं, पण कोणत्या वाटेने येतोय त्यावर उत्तर बदलतं. मी माती तपासणीच्या कामात आहे आणि लोक रिपोर्टमधला आकडा बघून एकतर फार घाबरतात किंवा एकदम निर्धास्त होतात, दोन्हीचं वाईट वाटतं, कारण तो आकडा फक्त मातीत किती आहे एवढंच सांगतो.

डीडीटी (जुनं कीटकनाशक), पीसीबी (जुन्या विजेच्या उपकरणांत वापरलेलं तेलकट रसायन), डायॉक्सिन (कचरा वगैरे जळताना तयार होणारं विषारी रसायन) ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, ती मातीतल्या सेंद्रिय कर्बाला (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेल्या कार्बनला) चिकटून बसतात. त्यामुळे सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली माती त्यांना धरून ठेवते, मुळांना आणि पाण्याला कमी देते, आणि रेताड, कर्ब कमी असलेल्या मातीतून तेवढाच अंश जास्त सुटतो. वर्षं जातात तशी ती कणांच्या आत खोल शिरतात आणि पकड अजून घट्ट होते. ओलावा पण महत्त्वाचा, कोरड्या मातीत खनिज कणांवर धरलेली रसायनं माती ओली झाली की पाण्यामुळे तिथून ढकलली जातात आणि वाफेने हवेत जाऊ शकतात, उष्णता असेल तर जास्तच.

आता खरं उदाहरण. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवर 1972 ते 1993 केळीच्या मळ्यांत क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक वापरलं. तिथल्या ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या अँडोसॉल मातीत अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यात क्लोरडेकोन अडकून राहतं, म्हणून तिथे मातीतला आकडा मोठा असूनही कंदमुळांत त्यामानाने कमी उतरतं. निटिसॉल नावाच्या दुसऱ्या मातीत आकडा लहान, पण ती सोडते जास्त. म्हणजे फक्त आकड्यावरून शेत निवडलं तर चुकीचं शेत निवडलं जाऊ शकतं. पीकसुद्धा बघावं लागतं, जमिनीत वाढणाऱ्या कंदांत सगळ्यात जास्त (आणि सालीत गरापेक्षा जास्त), झाडावर उंच लागणाऱ्या फळांत जवळपास नाहीच. केळ्याच्या फळात नगण्य आणि त्याच जमिनीत नंतर लावलेल्या कंदात भरपूर, असं झालंय तिथे.

पण या पकडीचा फायदा फक्त मुळांच्या आणि पाण्याच्या वाटेवर, माती थेट पोटात गेली तर नाही! अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि कोकरं यांना दोन्ही प्रकारच्या माती खाऊ घालून प्रयोग झाले, त्यात क्लोरडेकोन अँडोसॉलमधूनसुद्धा तेवढंच शोषलं गेलं. मुळापाशी फक्त पाणी असतं, पोटात पित्त, चरबी आणि वेळ. म्हणून मोकळ्या फिरून माती टोचणाऱ्या कोंबड्यांची अंडी, जमिनीलगत चरणारी जनावरं, आणि मातीत खेळून तोंडात हात घालणारी लहान मुलं, इथे "आमची माती चांगली धरून ठेवते" यावर विसंबू नका. ॲक्टिव्हेटेड कार्बन (खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा) मातीत मिसळला तर मात्र प्राण्यांच्या प्रयोगात शोषण बऱ्यापैकी घटलेलं दिसलंय.

पीएफएएसचं (न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारं कापड यांत वापरलेल्या, सहज न मोडणाऱ्या रसायनांचं) गणित वेगळं, त्यातली लहान साखळीची रसायनं मातीला फार धरत नाहीत, पाण्याबरोबर खाली विहिरीत आणि वर पानांत जातात, तिथे आधी पाणी तपासा.

तुमच्या जागी मी असते तर एकूण अंशासोबत सेंद्रिय कर्ब आणि पीएच पण तपासून घेतलं असतं, कंद आणि भोपळा-काकडीच्या कुळातली पिकं (काही जाती डीडीई, म्हणजे डीडीटी मोडून तयार होणारं रसायनसुद्धा मुळांतून वर ओढतात) टाळली असती, आणि घरात लहान मूल किंवा कोंबड्या असतील तर उघडी माती गवताने नाहीतर स्वच्छ मातीच्या थराने आधी झाकली असती, बाकी तपासण्या नंतर केल्या तरी चालतील.