अंधारखोलीचा पत्रव्यवहार : माळ्यावरचे रोल

प्रश्न : काकांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ओर्वो एनपी 22 या कृष्णधवल फिल्मचे चार कोरे रोल सापडले. खोक्यांवर मुदत 1988ची आहे. बॅग इतकी वर्षं माळ्यावर पडून होती. सोबत एक रोल पूर्ण आत गुंडाळलेला, म्हणजे काढून झालेला दिसतो. कोरे रोल 125 एएसएवरच (एएसए म्हणजे फिल्मचा वेग; आकडा लहान तेवढा उजेड जास्त लागतो) वापरू का? दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त द्यावा, असं ऐकलंय. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) कोणता घेऊ? आणि त्या काढलेल्या रोलवर काही उरलं असेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या 1988पेक्षा मला माळ्याची जास्त काळजी वाटली. फिल्म तारखेनं कमी आणि उष्णतेनं जास्त म्हातारी होते. फ्रीजरमध्ये राहिलेला मंद रोल कित्येक वर्षांनीही जवळपास ताज्यासारखा निघतो. तापत्या छपराखालचा त्याच्या कितीतरी आधी धुरकटतो. वेगवान फिल्म तर आणखी नाजूक. तिला कॉस्मिक किरणांचाही त्रास होतो आणि ते काही फ्रीजच्या दाराला जुमानत नाहीत. तुमची फिल्म 125 एएसएची आहे, 400ची नाही, एवढं नशीब.

दहा वर्षांना एक स्टॉप हा ठोकताळा आहे आणि रंगीत फिल्मला तो जास्त लागू पडतो. तुमच्या रोलला लावला तर साडेतीन स्टॉप होतात, म्हणजे साधारण 12 एएसए. कृष्णधवलला बहुधा एवढं लागत नाही. मी 32पासून सुरुवात करीन.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. जुन्या फिल्ममध्ये प्रकाश न पडलेले कणही डेव्हलपरमध्ये काळे होतात. हा फॉग. तो पसरतो सगळ्या फ्रेमभर, पण गिळतो सावल्यांना, कारण निगेटिव्हवर सगळ्यात कमी चांदी तिथेच असते. एक्स्पोजर वाढवलं की सावल्या फॉगच्या वर येतात. डेव्हलपिंग वाढवलं की चित्राबरोबर फॉगही चढतो. म्हणून जुना रोल पुश करू नये, म्हणजे डेव्हलपिंग लांबवू नये. रॉडिनल या डेव्हलपरच्या 1+100 (एक भाग डेव्हलपर, शंभर भाग पाणी) द्रावणात टाकी तासभर न हलवता ठेवायची जी टूम आहे, तीही इथे नको. एवढ्या वेळात फॉगला मोकळं रान मिळतं.

आता चारपैकी एका रोलचा बळी द्या. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून एकच दृश्य 125, 64, 32 आणि 16 एएसए धरून टिपा. दृश्यात खोल सावली हवीच. मग दोन फ्रेम लेन्सवर टोपी ठेवून सोडा. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) कॅमेरा उघडून तेवढी फिल्म कापा; कॅसेटबाहेर चार बोटं फिल्म राहू द्या, तिचीच नवी जीभ कातरता येईल. तुकडा डेव्हलप करा. टोपीखालच्या फ्रेम म्हणजे तुमचा शुद्ध फॉग. तो करडा तुकडा छापील मजकुरावर ठेवा. अक्षरं सहज वाचता आली तर रोल कामाचे आहेत. मग ज्या फ्रेममध्ये सावलीतला तपशील या करड्यापासून वेगळा दिसेल, तो तुमचा एएसए. उरलेले तीनही रोल त्यावर काढा. साठवण एकच असल्यानं ते सहसा सारखे वागतात.

डेव्हलपर म्हणून माझी पसंती एचसी-110ला, 1+31, 20 अंशांवर. जुन्या फिल्मवर तो फॉग आटोक्यात ठेवतो. हाताशी डी-76 असेल तर तोही चालेल, मात्र ताजा हवा. डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायझोल हे रसायन घातलं की फॉग उतरतो, पण वेगही थोडा उतरतो, म्हणून आधी त्याच्याशिवाय बघा. हायपोची (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाची) वेळ पुस्तकातून घेऊ नका. कापलेल्या जिभेचा तुकडा उजेडातच हायपोत टाका, तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि रोलला त्याच्या दुप्पट द्या. इतकी वर्षं वळकटी होऊन बसलेली फिल्म टाकीतल्या स्पायरलवर (फिल्म गुंडाळायच्या चक्रीवर) चढताना मात्र छळेल. स्पायरल खडखडीत कोरडा ठेवा आणि घाई करू नका.

थोडा फॉग राहिला तर प्रिंट करताना एनलार्जरखाली वेळ जास्त द्यावा लागतो आणि कडक ग्रेडचा कागद घ्यावा लागतो. त्याहून मोठं नुकसान नाही. तरी घरातलं लग्न या रोलवर काढू नका.

काढलेल्या रोलचं दुखणं वेगळं. एक्स्पोजर होऊन गेलंय, ते आता वाढवता येणार नाही. पण आशा सोडायचं कारण नाही. 1897मध्ये स्वीडनचा आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतले नाहीत. त्यांची फिल्म 1930मध्ये आर्क्टिकमधल्या क्विटोया बेटावर सापडली. जॉन हर्ट्झबर्ग यांनी स्टॉकहोममध्ये ती डेव्हलप केली आणि 240पैकी 93 चित्रं वाचवली. अर्थात ती बर्फात होती, माळ्यावर नव्हे. तुम्ही तो रोल सगळ्यात शेवटी घ्या, कोऱ्या रोलांवर हात बसल्यावर. आधी कॅसेटवरचं नाव नीट वाचा. 'सी-41' (रंगीत फिल्म डेव्हलप करायची पद्धत) दिसलं तर काहीच न करता मला पुन्हा लिहा. तशी कृष्णधवल फिल्मही असते आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो. चित्र पुसट आलं तर डेव्हलपिंगचा वेळ वाढवून झगडण्यापेक्षा स्कॅन करा. डोळ्याला कोरी वाटणारी निगेटिव्हही स्कॅनरमध्ये कधीकधी चेहरे दाखवते.

प्रश्न : जुन्या 120 रोलवरच्या (पाठीला कागद असलेल्या रुंद फिल्मवरच्या) आकाशात ठिपके आणि उलटे आकडे उमटलेत. डेव्हलपिंग चुकलं का?

उत्तर : नाही. पाठीमागच्या कागदावरची शाई दमटपणात फिल्मवर उतरली आहे. धुवून जात नाही. त्याच खोक्यातले बाकीचे रोल आकाश कमी आणि झाडी, भिंती, गर्दी जास्त असेल तिथे वापरा. डाग तिथेही असतील, दिसणार नाहीत.