आधी झोन विचार

बाय,

पर्वरीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचा भाव ऐकून तू परवा जिना उतरलीस आणि स्कूटरला किल्ली लावता लावता म्हणालीस, "काका, या दिल्लीवाल्यांनी वाट लावली." तेव्हा गप्प बसलो. घरी आल्यावर राहवेना.

दिल्लीवाल्यांचा पैसा आहेच. पण 2011 च्या जनगणनेतही गोव्यातलं पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं, तेव्हा मोपाचा विमानतळ कागदावर होता. भाव विचारायच्या आधी झोन विचार, म्हणजे सरकारी आराखड्यात ती जमीन कशासाठी धरलीय ते.

तुझ्या आजोळचंच घे. 2021 च्या प्रादेशिक आराखड्यात ते व्हीपी-2 या गावठाणी गटात, म्हणजे एफएआर 60, प्लॉटच्या 60 टक्के बांधकाम. 500 चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले धरून बांधकाम 300 चौरस मीटर. जमीन सोन्याच्या भावाची. त्यावर चार लहान फ्लॅट काढून बिल्डरच्या हाती काय उरणार? त्यापेक्षा एक व्हिला, पुढ्यात निळा स्विमिंग पूल. आणि सेटलमेंटमधली, म्हणजे वस्तीच्या झोनमधली जुनी घरं? एक-चौदावर, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यावर, अकरा नावं, दोघं वारलेले, तिघं लंडनला. पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा, विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा कोर्टातला दावा, निकालात निघेपर्यंत छपराचे नळे खाली येतात.

जिथं घर व्हायला हवं तिथं होत नाही, आणि जिथं नको तिथं कलमं तयार. नगर नियोजन कायद्यात 2018 ला 16-ब, 2023 ला 17(2), 2024 ला 39-अ, सगळी झोन बदलायची. 17(2) म्हणे आराखड्यातल्या चुका सुधारायला! एकेक भाट, म्हणजे बागायत, अर्जावर सेटलमेंट होत गेलं. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयानं 17(2) चे नियम रद्द केले. अशा जमिनीवर तुझ्या पगारात बसणारं घर मी तरी पाहिलं नाही. म्हणून म्हणतो, झोन विचार. तुला कर्जाचा हप्ता पाठ, पण आजोळच्या घराचा सर्व्हे नंबर सांगता येत नाही. कमाल आहे!

आता माझं ऐक. सोळा वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावर बारा लहान फ्लॅटांची इमारत यायची होती. ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज माझा. जन्मभर नकाशेच काढले, एफएआरमधली चूक दोन मिनिटांत दाखवली. नळाला दिवसाआड पाणी, विहिरी आटतील, सगळं बोललो. टाळ्या पडल्या, इमारतीचा प्रस्ताव पडला. आज तिथं चार व्हिला आहेत. चतुर्थीला वाडाभर आरत्या चालतात तेव्हा तिकडे फक्त वॉचमनचा दिवा. बोअरवेल मात्र चारही. माझा पुतण्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गला घर घेऊन रोज पणजीला ये-जा करतो. बारातला एक त्याला परवडला असता.

पाणी खरंच नव्हतं, हे ध्यानात ठेव. उद्याही मी हीच हरकत घेईन, कुणी काहीही म्हणो. फक्त "इथं नको" म्हणून खाली बसलो ते चुकलं. "मग कुठं?" हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही, मीही नाही.

येत्या रविवारी तुझ्या आजोळी ग्रामसभा आहे. आराखड्याची प्रत माझ्याकडे आहे, बारीक अक्षर मला आता दिसत नाही. शनिवारी ये, येताना एक-चौदाचा उतारा आण. जेवायलाच ये.

तुझा काका