बागेतली बंदूक : वाचकांचे प्रश्न

दोन एकर काजू, खाली भातशेती. रानडुकरं एका रात्रीत चोंढा उलथा करतात. ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक घेऊ की बारा बोअर (काडतुसाची)? (कुडाळ)

ठासणीचीच मागा. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शेतीसंरक्षणासाठी तिचंच नाव आहे. ती पुरणार नाही असं जिल्हादंडाधिकाऱ्यांना पटलं, तर बारा बोअर मिळू शकते. आणि खरं सांगू? डुकरांना पळवायला आवाज लागतो, तो ठासणीत भरपूर! माझ्या बागेत बार झाला की कळप दोन-तीन रात्री फिरकत नाही.

खोड एकच. दमट हवेत दारू सर्द झाली की केप (दारू पेटवणारी टोपी) फुटते, पण बार उडत नाही. अशा वेळी नळीचं तोंड मोकळ्या रानाकडे धरून मिनिटभर तरी थांबा, बार उशिराही उडू शकतो. नळीत डोकावून बघणारे शहाणे मी पाहिलेत.

वडील वारले. त्यांची जुनी दुनळी माळ्यावर आहे. नवी काडतुसं बसतात, पण झटका फार बसतो. (लांजा)

म्हणजे उडवून बघितलीत! परवाना वडिलांच्या नावाचा होता. ते गेल्यावर बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. आधी ते करा, मग वारस म्हणून स्वतःच्या नावे अर्ज. वय 21 पूर्ण हवं.

आता झटक्याचं. जुन्या बंदुकांचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) बरेचदा 65 मिलिमीटरचं असतं, काडतूस 70 चं. काडतुसाची लांबी उडाल्यावर, तोंड उघडल्यानंतरची मोजतात. म्हणून न उडालेलं 70 चं काडतूस 65 मध्ये गुपचूप बसतं. उडताना तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो, झटका बसतो. एखाद्या दिवशी नळीही फाटेल. पुढचं लाकूड काढलं की नळीच्या खालच्या अंगाला शिक्के दिसतात, ते जाणत्या कारागिराकडून वाचून घ्या. तोवर एकही बार नको.

परवाना आहे, मग डुक्कर मारलं तर चालेल ना? (दोडामार्ग)

नाही. परवाना बंदूक बाळगायचा. डुक्कर मारायला 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. वनक्षेत्रपालांकडे चौकशी करा. मारलेलं जनावर सरकारजमा होतं, त्यामुळे वाडीत वाटे घालायचा विचार सोडा. गवा, बिबट्या, तिलारीकडचे हत्ती यांच्यावर तर नेमच धरू नका. जीव वाचवताना नाइलाजाने गोळी सुटली, तर ती गोष्ट निराळी. कायद्यात तशी सूट आहे.

पावसाळ्यात गंज धरतो. (राजापूर)

ठासणीची असेल तर बार काढल्या दिवशीच गरम पाण्याने नळी धुवा, खडखडीत वाळवा, मग तेलाचा हात. काळ्या दारूची काजळी ओल ओढते. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, तेही ओल धरतं.

निवडणूक आली की ऐन काजूत बंदूक जमा करावी लागते. (सावंतवाडी)

जिल्ह्याच्या छाननी समितीकडे लेखी सवलत मागा, सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडा. नाहीच मिळाली, तर जमा करताना पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या. मागच्या खेपेला माझी परत आली ती घोड्यावर गंजाचा हा एवढा ठिपका घेऊन. पावतीत फक्त ‘एक बंदूक’ एवढंच लिहिलेलं!