वेगवेगळ्या पक्षांचे मतदार चर्चेला एकत्र बसवताय? सुरुवातीला एवढंच करा

पहिलीच वेळ आहे ना, मग वॉर्डातली दहा-बारा माणसं पुरे, पण मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकूनच निवडा. नवे लोक इथंच चुकतात, ओळखीचे आणि बोलके तेवढे गोळा करतात आणि मग सगळे एकाच सुरात बोलतात. आयर्लंडमध्ये २०१६ साली ९९ साधी माणसं अशीच रँडम निवडली होती, गर्भपातासारख्या तापलेल्या विषयावर ती पाच वीकेंड छोट्या टेबलांवर बसून बोलली, आणि २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त मतं गर्भपातबंदी उठवण्याच्या बाजूने पडली. जमतं हो हे, खरंच जमतं.

- प्रश्न गल्लीतला घ्या. 'देश कुठे चाललाय' नको, 'टँकरचं पाणी आधी कुणाला' चालेल.
- दोन्ही बाजूंची माहिती एका पानात, आधीच वाटा.
- पक्षाचे पदाधिकारी बाहेर.
- लगेच हात वर करायला लावू नका. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाची ग्रामसभा एकमत होईपर्यंत थांबते.

कुणी चिडून उठून गेलंच तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चहाला जा, बहुतेक जण परत येतात.